उलटं लागलेलं कव्हर

पुठ्ठेकाकांच्या हातात पुस्तक द्या, आत काय लिहिलंय ते सांगता येणार नाही, पण शिलाई कुठे ढिली पडलीय ते बघताक्षणी सांगतील. उभा जन्म लोकांची पुस्तकं बांधण्यात गेला, पण वाचायला म्हणून एखादं उघडलं असेल तर शपथ! काकू टोमणा मारायच्या, "अहो, कधीतरी आतूनही बघावं माणसानं." काका खळीचा ब्रश आपटून म्हणायचे, "आतलं बघत बसलो तर बाहेरचं कोण चिकटवणार?"

वाचायचं वेड घरात एकट्या लेकीला. तेही साधंसुधं नाही, जपानी चित्रकथांचं. पानभर चौकोन आणि चौकोनात बशीएवढ्या डोळ्यांची माणसं. त्या नादात पोरगी जपानी शिकली काय, आणि त्याच चित्रकथांच्या भाषांतराची नोकरी धरून दूरच्या शहरात गेली काय! निघताना एक पुस्तक बाबांच्या हातात ठेवून म्हणाली, "माझं सगळ्यात आवडतं. नुसती चित्रं बघितलीत तरी कळेल. बघा, मग बोलू आपण."

"बघतो की," काका म्हणाले. कुठलं बघतायत! पुस्तक फळीवर गेलं ते गेलंच.

मग घर खायला उठलं. फोन यायचा, नाही असं नाही. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले." झालं, पुढे दोघांच्याही तोंडाला कुलूप. काकांना एकच विचारायचं असायचं, कधी येशील. पण पोरीला वाटेल, बाप पायात बेडी घालतोय. म्हणून शब्द घशातच राहायचा, आणि फोन बंद झाला तरी काका तो हातात धरून बसायचे.

एका रविवारी त्यांनी ते पुस्तक खाली काढलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, इकडे ये! कव्हर उलटं लावलंय गाढवांनी. पुढचं मागे, मागचं पुढे!"

बाइंडिंगच्या धंद्यात होतं असं, घाईत. पण लेकीचं लाडकं पुस्तक, आणि असं सदोष तिच्या गळ्यात मारलं? काका पेटलेच. त्यांनी कव्हर अलगद सोडवलं, नवा पुठ्ठा घातला, निळं कापड चढवलं आणि कव्हरावरचं चित्र आपल्या मते योग्य त्या बाजूला चिकटवलं. पुस्तक वाळलं, आणि मग म्हणाले, आता बघूच आत काय आहे ते.

जपानी अक्षरांना त्यांनी लांबूनच नमस्कार केला. चित्रं मात्र एकेक बघितली. परक्या शहरात एक मुलगी, लहानशा खोलीत एकटी, खिडकीशी बसलेली. मधल्या काही पानांना काळी कड होती, तिथे शाई फुटली असणार म्हणून काकांनी ती भराभर उलटली. पुढे आगगाडी, गाडीत ती मुलगी. मग फलाट, फलाटावर तिचा बाप. आणि शेवटी घरात एका टेबलाशी दोघं पोट धरून हसतायत.

"आली गं घरी पोरगी!" काकांनी काकूंना ओढत आणून ते पान दाखवलं.

फोन यायची वाट न बघता त्यांनी स्वतःच लावला. "वाचलं तुझं पुस्तक! काय गोष्ट आहे! बिचारी एकटी राहते, पण शेवटी गाडीत बसून येते घरी. बाप फलाटावर उभाच!"

पलीकडून लेक हळूच म्हणाली, "बाबा, सुरुवात कुठून केलीत?"

"कुठून म्हणजे? पहिल्या पानापासून."

"ते शेवटचं पान होतं, बाबा. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं."

"म्हणजे ती घरी येत नाही?"

"नाही. ती घर सोडून जाते. बाप तिला पोचवायला आलेला असतो."

"आणि मी शहाणा कव्हर फिरवून बसलो!" काका म्हणाले. लेक हसली, पण काकांना हसू येईना.

"उघडा परत," ती म्हणाली. "मी सांगते तसं बघा. वरचा उजवा चौकोन आधी. मग त्याच्या डावीकडचा, मग खालची ओळ. आणि जिथे कुणीच बोलत नाही ना, तिथे घाई करायची नाही. थांबायचं."

काका बोट ठेवून निघाले. टेबल आलं, हसणं आलं. फलाटावर कुणीच बोलत नव्हतं, तिथे ते थांबले. या खेपेला बाप मागे राहिला आणि गाडी गेली. मग ती खोली, ती खिडकी.

"इथे शाई फुटलीय बघ, काळी कड आलीय."

"फुटली नाही, बाबा. काळ्या कडेचं पान म्हणजे ते आत्ता घडत नाहीये, तिला आठवतंय."

काकांनी ती पानं आता नीट बघितली. एकात बाप मुलीची सायकल धरून मागे पळतोय. एकात तिच्या बुटाची नाडी बांधतोय. एकात खुर्चीतच झोपलाय आणि ती त्याचा चष्मा काढून ठेवतेय. काळ्या कडेच्या एकूण एक पानात बापच होता.

"एवढी आठवण येते तिला?"

"रोज येते, बाबा."

घशात अडकलेलं मग निघालंच. "ये ना गं. कधी येशील?"

लेकीनं नाक ओढलं. "सुट्टी मागितलीय, देत नाहीत अजून. याचा दुसरा भाग येणार आहे म्हणतात. तो निघाला की मीच घेऊन येते."

"त्यात येते का ती घरी?"

"ते चित्रकारानं अजून काढलंच नाहीये, बाबा."

दुसऱ्या दिवशी काकांनी कव्हरावरचं चित्र पुन्हा सोडवलं आणि होतं तिथे लावलं. मग त्याच निळ्या कापडातून आणखी एक तुकडा कापला, पुठ्ठा कापला आणि दुसऱ्या भागाचं कव्हर करून दाबाखाली ठेवलं. या खेपेला पाठ, म्हणजे शिलाईची बाजू, उजवीकडे.

"पुस्तकाचा पत्ता नाही आणि कव्हर तयार!" काकू म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले. "आयत्या वेळी धावपळ नको."

आता फोन आला की जेवणाची चौकशी होते न होते तोच ते विचारतात, "निघाला का गं दुसरा भाग?"

"नाही, बाबा," ती म्हणते. "अजून नाही."