पेटीच्या मापाचा खड्डा

पेटी अर्ध्यावर गेली आणि अडकली. हातातले दोर सैल पडले.

"हसनभाई, खाली काय आहे?" डुमिंगने विचारलं.

मी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. खाली काहीच नव्हतं. कबर उत्तम होती, फक्त ती आमच्या पद्धतीची होती.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं. मी रत्नागिरीकडचा, दुबईत एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर होतो. डुमिंग आमचा सुतार, वसईचा कॅथलिक. त्याचा धाकटा भाऊ इनास आमच्याकडेच पाइपफिटर. तो टायफॉइडने गेला. बोटीने मुंबईला न्यायचं तर त्या उन्हाळ्यात मयत टिकलं नसतं. म्हणून इथेच, गावाबाहेर ख्रिश्चनांसाठी दिलेल्या जागेत पुरायचं ठरलं. पेटी डुमिंगने स्वतः केली. इनासचे खांदे रुंद, म्हणून माप सैल धरलं. खणायला साइटवरचा खान आणि त्याची माणसं गेली. मयतासाठी कबर हवी, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

रेताड जमिनीत आमच्यात कबर दोन टप्प्यांत खणतात. वर रुंद खड्डा, त्याच्या तळाशी अंगापुरती अरुंद चर. कफनातलं मयत चरीत ठेवायचं आणि वर आडव्या फळ्या टाकायच्या, म्हणजे माती थेट अंगावर पडत नाही. खानने चरीच्या कडा हाताने चोपून गुळगुळीत केल्या होत्या. स्वतःच्या बापासाठी केलं असतं तसंच काम.

"साब, अच्छा नहीं बना?"

"बहुत अच्छा बना है, खान. पेटी बडा है."

आम्ही पेटी परत वर ओढली. गोव्याकडचे फादर घामाने निथळत होते. ते हळूच म्हणाले, "पेटी सक्तीची नाही, डुमिंग. चादरीत ठेवलं तरी प्रार्थना तीच."

डुमिंगने मान हलवली. "फादर, मी सुतार. माझ्या भावाला नुसता रेतीत ठेवला, हे आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

दोन दिवस मी हॉस्पिटल, पोलीस आणि साइट यांच्यामध्ये हेलपाटे घालत होतो. खरं सांगायचं तर कधी एकदा हे उरकतंय आणि जाऊन पडतोय असं मला झालं होतं. पण डुमिंगचा चेहरा बघवत नव्हता.

चर रुंद करायला घेतली तर कडा ढासळल्या. जेवढं काढावं तेवढी रेती पुन्हा आत. यावर आमच्या धंद्यात इलाज एकच, शटरिंग. भिंतींना फळ्या लावायच्या आणि पुढून खुंट ठोकून त्या धरून ठेवायच्या. फळ्या होत्या साइटवर. पिकअप काढून मी तिकडे गेलो.

"फळ्या? उद्या स्लॅब आहे, हसन," इंग्रज इंजिनिअर म्हणाला.

"सर, संध्याकाळी परत आणतो."

"कशाला हव्यात?"

"डुमिंगच्या भावासाठी."

त्याने फळ्यांकडे हात केला. "यल्ला, गो. पण सगळ्या परत पाहिजेत."

फळ्या लागल्या, रेती थांबली. फादर थांबले होते, त्यांनी प्रार्थना म्हटली. या वेळी पेटी अलगद खाली बसली. बाजूने रेती भरत आम्ही एकेक फळी वर ओढली. मी म्हटलं, आता या गाडीत टाका.

खानने ऐकलंच नाही. तो फळ्या पेटीवर आडव्या मांडायला लागला.

"खान, उसको ढक्कन है."

"ढक्कन भाई ने लगाया, साब. छत हम लगाएगा. मिट्टी ऐसे नहीं डालते."

मी डुमिंगकडे पाहिलं. शटरिंगचा माल त्याच्या ताब्यात असायचा आणि एखादी फळी तुटली तरी तो मजुरांना दिवसभर बोलायचा. तो उकिडवा बसला, एक फळी हाताने सारखी केली.

"इधर थोडा सरका, खान. फट रह गयी," तो म्हणाला, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच रडला. खानने फळी सरकवली.

दुसऱ्या दिवशी स्लॅब झाला नाही. इंजिनिअरने मला ऑफिसात उभं केलं.

"फळ्या कुठे आहेत?"

"वापरात आहेत, सर."

तो बराच वेळ ओरडला. मी ऐकून घेतलं.

तेव्हापासून कुणालाही खड्डा खणायला सांगताना त्यात काय जाणार आहे ते मी आधी सांगतो. आणि फळ्या चार जास्तच मागवतो.