पाडव्याला घेतलेला डबा

एरंडोलचा तो डबा मला अजूनही विसरता येत नाही. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण जिच्यात चोरच नव्हता अशी केस ही एकच.

धुळ्याच्या एका बंद कारखान्याची यंत्रं लिलावात गेली होती. त्यात पत्र्याची जाडी मोजणारं एक यंत्र होतं आणि त्याच्या पोटात, शिशाच्या जाड डब्यात, किरणोत्सारी तुकडा. असा तुकडा विकायचा किंवा हलवायचा तर केंद्राची परवानगी लागते. तो कुठे आहे हे दर वर्षी कळवावंही लागतं. अहवाल आला नाही म्हणून वरून विचारणा झाली, तेव्हा कळलं की डबा फक्त कागदावरच उरलाय!

माग काढत आम्ही एरंडोलच्या एका भंगारवाल्यापर्यंत पोचलो. साठीचा माणूस, गावात सगळे त्याला नाना म्हणत. घबराट होऊ देऊ नका, असा आदेश होता. म्हणून डब्यात काय आहे ते न सांगताच मी त्याला ठाण्यात बसवलं.

"साहेब, मी चोर नही शे. बठ्ठा माल पावतीवर लिधा."

"सगळा पावतीवर घेतलास, मग डबा कुठाय, नाना?"

"भट्टीमा गया."

आतला तुकडा वितळून लोखंडात मिसळला असेल तर ते लोखंड कुणाच्या घराच्या गजात गेलं, हे कोण शोधणार? दोन तास दरडावलं, उत्तर तेच. शेवटी आमचा हवालदार कानाशी लागला, "साहेब, भंगारात शिसं महाग. ते न काढता डबा भट्टीत कोण टाकेल?" त्याचे सासरे याच धंद्यातले. हे मला सुचायला हवं होतं.

आदेश बाजूला ठेवून मी नानासमोर खुर्ची ओढली आणि डब्यातला धोका सरळ सांगितला. नाना पांढराफटक पडला.

"तो दिवायीना पाडवाना पहिला माल शे, साहेब. वरीसभर तो कोनी फोडस नही, इकस नही. तुमीन लई जातात म्हनीसन खोटं बोलनू. देव्हाराखाल ठेयेल शे." तो उठून दाराकडे निघाला. "मनी सून तठेच निजस. सातवा महिना शे तिले."

लगेच घर रिकामं केलं. तज्ज्ञांनी येऊन मोजणी केली. किरणं बाहेर सोडणारी डब्याची झडप बंद होती, शिसं शाबूत होतं. पुढे सुनेला मुलगी झाली, तिचे पेढे ठाण्यात आले.

नियम कारखान्याच्या फाटकातच अडखळला होता. डबा न फुटता राहिला तो नानाच्या रिवाजामुळे. पण मी शिकलो ते वेगळंच. नाना खोटं बोलतोय म्हणून मी टेबलावर हात आपटत होतो आणि खरी गोष्ट मीच दडवून बसलो होतो. ते दोन्ही तास त्याची सून त्या डब्याशेजारी पडून होती.