त्यांच्या सेटचे दांडे

माझा चेंडू आता लांब जात नाही. आधी ओढ्यापलीकडे पडायचा, आता सरळ ओढ्यात. आणि बरोबर खेळणाऱ्या बायका "चलता है, चलता है" म्हणाल्या की माझं डोकंच फिरतं. पासष्टी उलटली म्हणून काय झालं? कोपरही दुखतं मेलं, मारताना नाही, पोळ्या लाटताना.

मी गोल्फ खेळते म्हटलं की वर्ध्यात अजून लोक हसतात. माहेर वडनेरचं, कापूस वेचत वाढलेली मी. आमचे हे कारखान्यात इंजिनियर होते, तिथल्या कॉलनीत गोल्फचं मैदान होतं, तिथे त्यांनीच मला शिकवलं. पदर खोचून खेळायची मी. रिटायर झाल्यावर नालवाडीत घर बांधलं, आणि रविवारी गाडी काढून दोघं नागपूरच्या मैदानावर जायचो. मग यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात. बोलणं तेवढं परत आलं, आणि जीभ पहिल्यापेक्षा तिखट. वॉकर धरून घरातल्या घरात फिरायचं आणि सावंगीच्या दवाखान्यात व्यायामाला जायचं, बस. त्यांची गोल्फची बॅग पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. तिला कुणी हात लावत नाही.

मी अजून मैदानावर जाते, पण खेळते तो काठ्यांचा सेट त्यांनी कधीचा टाकून दिलेला. नागपूरला एक जण माणसाचं माप घेऊन काठ्यांचे दांडे बदलून देतो असं कळलं. फोनवर तो म्हणाला, घरात चांगल्या काठ्या असतील तर एखादी घेऊन या. चांगल्या काठ्या होत्या त्या यांच्या बॅगेत. हे झोपलेले असताना मी सात नंबरची काठी काढली, माझ्या एका काठीबरोबर शालीत गुंडाळली, आणि डोळे तपासायला जाते असं सांगून निघाले. चोरासारखं वाटत होतं, खोटं काऊन बोलू?

तिथे जाळीसमोर उभं करून त्याने मला चेंडू मारायला लावले. बाजूच्या पडद्यावर आकडे येत होते, आणि त्या मशीनला काही लाजलज्जा नव्हती. "काकू," तो म्हणाला, "हा स्टीलचा दांडा तुमच्यासाठी फार कडक आहे. तुमच्या वेगाला तो वाकतच नाही, सगळा धक्का कोपरात जातो." मग त्याने दुसरी काठी दिली. दांडा हलका, लवचीक, वर 'सिनियर' छापलेलं. ते वाचून नाक मुरडलं मी. पण मारलं आणि चेंडू असा सुटला की तोंडातून "अगं बाई!" निघालं.

"तुमच्या जुन्या काठीचं चेंडूला लागणारं डोकं झिजलंय," तो म्हणाला. "साहेबांच्या काठीचं मात्र एक नंबर आहे. सगळा सेट आणा. सांधा गरम केला की गोंद सुटतो, डोकं ओढून काढायचं आणि नवा दांडा बसवायचा."

डोकं ओढून काढायचं! विचार करून सांगते म्हटलं आणि पळाले.

नवा सेट घ्यायचा तर तेही जमेना. सासर किराणा दुकानवाल्यांचं. घरात चांगली वस्तू पडून असताना दुसरी आणणं म्हणजे आमच्याकडे पापच. जावेला फोन केला. ती म्हणाली, "माणूस डोळ्यासमोर असताना त्याच्या वस्तूची मोडतोड करू नको, अभद्र असते ते. आणि त्याईले काही सांगू नको, जीव खचून जाईन." आमच्याकडे असंच चालतं. एखादा अंथरुणाला खिळला की त्याच्याबद्दल सगळं स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरतं, आणि त्याच्याजवळ जाऊन म्हणायचं, सगळं ठीक आहे.

मग मला काही बसवेना. डाळ निवडायला घ्यावी आणि अर्धवट टाकावी. कुंड्यांना पाणी घालून आत यावं आणि पुन्हा बाहेर जावं. त्या सेटचे दांडे काढले म्हणजे हे आता कधीच खेळणार नाहीत, यावर मीच शिक्का मारल्यासारखं होणार होतं. आणि नाही काढले तर माझंही खेळणं संपलं. जिवाला घोर लागला नुसता.

"इकडे ये वं," एका दुपारी त्यांनी हाक मारली. "सात नंबर भलत्याच कप्प्यात ठेवली तू. कुठं नेलती?"

आता काय लपवायचं? सगळं सांगून टाकलं. जावेचं बोलणंसुद्धा.

"म्हणजे मी मेलो का?" ते कडाडले. "माझ्या वस्तूचं तुमी दोघी ठरवून राह्यल्या, अन् मले पत्ता नाई?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं."

"वाटू दे ना! विचारलं काऊन नाई पण?"

मी काठी तिच्या कप्प्यात नीट ठेवली. ते म्हणाले, "काढू दे दांडे. पण मी येतो संग."

नागपूरपर्यंत मी सारखी चुळबुळत होते. दुकानाच्या पायऱ्या चढतील का, त्यांना ते बघवेल का. दुकानात पहिल्या काठीचं डोकं सुटून आलं तेव्हा मी काठीकडे पाहिलंच नाही, यांच्या तोंडाकडे बघत होते. पण हे तर त्या माणसाशी हुज्जत घालण्यात दंग! "इतका नरम दांडा नको, ही अजून जोरात मारते." ऐकून मी अशी फुगले की विचारू नका.

आणि मग ते म्हणाले, "आता माझं माप घ्या. डाव्या हातानं खेळायचा पटर पाहिजे मले." पटर म्हणजे भोकाजवळ आलेला चेंडू हळूच ढकलायची काठी, तिला जोर लागत नाही.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, सगळे असंच यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघतात. आणि माझ्याही तोंडात आलंच होतं, कशाला आता. ते गिळलं मी.

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

"काका, माप उभ्यानं घ्यावं लागतं," तो म्हणाला.

हे खुर्चीच्या हातावर डावा हात रोवून उठले. वॉकर दाराशी राहिलेला. मी धावले, बगलेत हात घातला. सगळं वजन माझ्या दुखऱ्या कोपरावर आलं. तो माणूस टेप घेऊन खाली बसला.

"सोड मले," हे म्हणाले. "अशानं माप चुकते."

"पडाल तुम्ही!"

"सोड म्हटलं ना."

त्यांचा पाय थरथरत होता. मी सोडलं.