गोंदणाचा हात

“मावशी, जरा बाजूला व्हा ना, फोटो घ्यायचाय,” मोबाइल धरलेले एक काका म्हणाले, आणि हिरव्या लुगड्यातल्या मावशी निमूट सरकल्या.

कलादालनात छायाचित्रांचं आणि वारली चित्रांचं प्रदर्शन आजच उघडलं होतं. समोरच्या मोठ्या फोटोत गेरूने सारवलेली भिंत होती आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखणारा एक हात. मनगटावर पाच ठिपक्यांचं गोंदण. बांबूची काडी इतकी हलकी धरलेली, की रेघ आपणहून चालत असावी. मला समासाची रेघही पट्टीशिवाय जमत नाही. खालच्या पाटीवर नाव मात्र फक्त छायाचित्रकाराचं होतं.

मावशींनी पदर सावरला, तेव्हा मनगटावर तेच पाच ठिपके दिसले.

इंग्रजी शाळेतली मी. कुणी हसू नये म्हणून मराठी वाक्य आधी मनात लावून पाहते. तोवर बहुतेकदा माणसं निघून गेलेली असतात. मावशीही दाराकडे वळल्या होत्या.

“काका, थांबा,” मी म्हणाले. “तो हात या मावशींचा आहे. आधी त्यांना नीट बघू द्या.”