भाऊजींचा हिरवा नकाशा

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. नमुना मंत्र्याचा असो की हमालाचा, पद्धत एकच. माणूस सज्जन, पण काटेकोरपणा असा की समोरच्याला जीव नकोसा व्हावा. ताईने लग्नानंतर वर्षभरातच हात टेकले होते.

पालिकेने आपली माहिती संकेतस्थळावर सगळ्यांना खुली केली, तेव्हा त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. शहरातल्या सगळ्या सार्वजनिक बागा, मैदानं, मोकळ्या जागा यांच्या हद्दी त्यात होत्या, पण नुसत्या आकड्यांत. त्यातून सामान्य माणसाला काय कळणार, कपाळ? भाऊजींनी त्या हद्दी नकाशावर चढवल्या. "आपलं काय आहे ते लोकांना दिसलं पाहिजे. दिसलं की मागतील," म्हणायचे.

मग प्रत्येक जागा स्वतः जाऊन पाहायची ठरली. रविवारची सकाळ प्रयोगशाळेत जायची, म्हणून भर दुपारी टोपी घालून निघायचे. माणसं दिसली तर गडद हिरवा रंग, कुणीच नसलं तर फिका आणि खाली शेरा: 'वापर दिसला नाही'. फिका रंग पाहून पालिकेला लाज वाटेल म्हणे, आणि ती तिथे झाडं लावेल, बाकडी टाकेल. पालिकेला लाज! मी तेव्हाच हसले होते.

त्यांच्या इमारतीमागेही अशी एक जागा होती. खुरटं गवत आणि तीन मोठी झाडं, बस्स. पण ताईचं फुप्फुसाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांब चालवत नव्हतं, आणि पुढच्या रस्त्यावरच्या धुराने तिचा जीव घाबरा व्हायचा. रोज संध्याकाळी ती मागे जायची, शेजारणींबरोबर झाडाखाली बसायची. तेवढाच तिचा मोकळा श्वास. भाऊजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते दुपारी गेले, जागा रिकामी होती, आणि त्यांनी ती फिकी रंगवली.

"अहो भाऊजी, ताई रोज जाते की तिथे," मी म्हटलं.

"मी गेलो तेव्हा नव्हती. घरच्या जागेला वेगळा नियम लावला तर नकाशावर कोण विश्वास ठेवील?"

नकाशा लोकांसाठी खुला झाला. लोकांनी वाहवा केली आणि विसरून गेले. तो नीट वाचला गेला एकाच ठिकाणी, पालिकेच्या बांधकाम खात्यात. थोड्याच दिवसांत ताईच्या मागच्या जागेवर वाहनतळ बांधायची नोटीस लागली. कारण दिलं होतं: नागरिकांच्याच पाहणीनुसार जागा वापरात नाही.

सुनावणीला मी भाऊजींबरोबर गेले. अधिकारी बाई अगदी नम्र होत्या.

"नकाशा तुमचाच ना?"

"हो. पण ती पाहणी दुपारची आहे. संध्याकाळी तिथे बायका बसतात. माझी बायको बसते."

"मग तसं लिहायचं होतं. आता घराशी आलं म्हणून बदलताय, असं कुणी म्हटलं तर?"

त्या खुर्चीत भाऊजी असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. मला त्यांचा संतापही आला आणि कीवही आली. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, पण पाय ताईचा होता.

घरी येऊन त्यांनी नकाशा दुरुस्त केला. त्याने काय होणार होतं? फायलीत जुनीच प्रत होती. जागेभोवती पत्रे ठोकले, झाडं पडली. आता धुळीमुळे मागची खिडकीही बंद असते, आणि ताई दिवसभर घरात.

गेल्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. आवाज न चढवता तिने त्यांना विचारलं, "फिका रंग भरताना माझी आठवण नाही झाली तुम्हाला?"

त्या क्षणी ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

"झाली होती," भाऊजी म्हणाले.

ताईने मान हलवली. तेव्हापासून ती त्यांच्याशी जेवायला हाक मारण्यापुरतंच बोलते.