तक्त्यात नसलेली फुंकर

मिस्त्री म्हणजे एकोणचाळीस वर्षं लाकडात घालवलेला माणूस. वडील सुतार, आजोबा सुतार. शाळेत गणित सोडून सगळ्या विषयांशी वैर. गणिताशी मात्र दोस्ती, कारण दार चौकटीत बसलं नाही तर शिव्या कोणाला पडतात? सुताराला! टेबलाच्या टॉपवरून डोळे मिटून तळवा फिरवायचे आणि सांगायचे, "इथे अजून दोन हात पॉलिश पेपर मारायला हवा." आणि तसंच असायचं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाला भीतभीत यायचं आणि कामावर खूश होऊन जायचं.

घर आणि वर्कशॉप यांच्यात एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे मिस्त्री आणि त्यांची आरडाओरड, पलीकडे त्यांची बायको. ती कधी ओरडायची नाही. एकच वाक्य बोलायची आणि मिस्त्रींची बोलती बंद व्हायची.

वर्षभरापूर्वी पॉलिशच्या एका कारखान्याने मिस्त्रींना नव्या पॉलिशचे डबे वापरून बघायला दिले. त्यावर म्हणे ओरखडाच पडत नाही. मिस्त्रींचा असल्या बाता ऐकून जन्म गेलेला. त्यांनी किल्ली ओढून बघितली, खिळा ओढून बघितला, शेवटी चिडून पटाशी लावली तेव्हा कुठे एक रेघ उठली. "याला म्हणतात पॉलिश!" असं बायकोला एका जेवणात चार वेळा सांगून झालं. मग काय विचारता, दिसेल त्या टॉपला तेच पॉलिश. सगळीकडे विक्रीला काढायच्या आधी एका प्रयोगशाळेत त्याची तपासणी सुरू झाली आणि तिथे खराखुरा सुतार हवा असा निरोप आला, तेव्हा मिस्त्रींनी कपाटातला बरा शर्ट काढला.

प्रयोगशाळेतल्या मॅडम चाळिशीच्या. चष्मा डोक्यावर ढकलायचा आणि मग सगळीकडे शोधायचा, ही त्यांची सवय.

"काका, या पॉलिशमध्ये अगदी बारीक कण घातलेत. नॅनो म्हणतात. त्यांच्यामुळेच ओरखडा पडत नाही."

"बारीक म्हणजे किती? पिठाएवढे?"

"एक केस घ्या. त्याच्या जाडीचे चार हजार भाग करा. त्यातला एक."

मिस्त्रींनी मनात भागाकार करून बघितला आणि नाद सोडला. मॅडमचं काम असं, की हा कण कारखान्यातल्या पिंपापासून ते टेबल भंगारात जाईपर्यंत कुठे कुठे सुटतो, कोणाच्या नाकात जातो, पाण्यात किती जातो, मातीत किती उरतो, याचा माग काढायचा. भिंतभर तक्ता होता: बनवणं, लावणं, वापरणं, पुसणं, घासणं, फेकणं. घासायला त्यांच्याकडे यंत्र होतं. एक लोखंडी हात एका फळीवर दहा मिनिटं सारख्याच जोराने गोल फिरायचा.

"हे घासतंय की बाळाला थोपटतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं," मॅडम हसून म्हणाल्या.

मिस्त्रींना पांढरा झगा चढवला, डोक्यावर टोप, तोंडासमोर काच, कमरेला हवेचा पंप. काचेच्या खोलीत हवेतले कण मोजणारी यंत्रं, आणि समोर घासायला पॉलिश लावलेली फळी. पहिली पाच मिनिटं ते अवघडले, मग हात चालू लागला आणि गडी रंगात आला. थांबले, फळीवर वाकले, आणि सवयीने फूऽऽ करून जोरात फुंकर मारली. टोपाच्या काचेवर आतून वाफ धरली आणि मिस्त्रींना दिसेनासं झालं.

"काका, हे काय केलंत?" स्पीकरमधून मॅडमचा आवाज.

"फुंकर मारली."

"का?"

"का म्हणजे? धूळ उडवल्याशिवाय खालचं दिसणार कसं?"

"दर वेळी मारता?"

"दर चार हातांना एक. सगळेच मारतात."

मॅडमनी वळून भिंतीवरचा तक्ता बघितला. तक्त्यात फुंकर नव्हतीच! शिकल्यासवरल्या सात जणांनी दोन वर्षं खपून तो तक्ता केला होता, आणि धुळीपासून चार बोटांवर तोंड नेऊन माणूस फुंकतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. उंटावरचे शहाणे सगळे, असं मिस्त्रींचं मत पडलं आणि ते त्यांनी टोपाच्या आत मोठ्याने मांडलं.

बाहेर आल्यावर मॅडमनी चहा दिला आणि वही उघडली. हात कशाला पुसता? मांडीला. शर्टावरची धूळ? "बायको झटकते, मागच्या दारात." वर्कशॉप कोण झाडतं? "तीच. झाडूने." लाकडाचे उरलेले तुकडे? "थंडीत शेगडीत घालतो. पॉलिशचे तर असे धडधडून पेटतात!" आणि राख? "झाडांना." मॅडम भराभर लिहीत होत्या आणि मिस्त्री ऐटीत सांगत होते. इतक्या शिकलेल्या बाईने आपलं बोलणं लिहून घ्यावं, हे काही रोज होत नाही.

"वर्कशॉपमध्ये आणखी कोण असतं?"

"कोणी नाही. ही येऊन-जाऊन असते. हल्ली सारखी खोकते, म्हणून मीच म्हटलं..."

आणि मिस्त्रींचं तोंड उघडंच राहिलं. अडीच महिने खोकत होती. कोरडा खोकला, ठसका लागला की थांबायचा नाही. झाडणारी ती, शर्ट झटकणारी ती. चहा तसाच ठेवून, "उशीर होतोय," म्हणत ते उठले.

घरी मात्र चकार शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे उठून वर्कशॉप ओल्या फडक्याने पुसून काढलं. तिसऱ्या दिवशी स्वतःचा शर्ट स्वतः धुतला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, या माणसाने कधी रुमाल धुतला नव्हता. चौथ्या दिवशी बायको दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"काय लपवताय?"

झालं! मिस्त्रींनी घडाघडा सगळं सांगून टाकलं. केस, चार हजार भाग, फुंकर, शर्ट. शेवटी म्हणाले, "मीच आणलं घरात. रोज अंगावर घालून आणलं आणि तुझ्या हातात दिलं." ती खोकली, मग म्हणाली, "मग शर्ट धुऊन कसं कळणार? न धुतलेला एखादा उरलाय का?"

उरला होता. एका पिशवीत तो शर्ट, दुसरीत खिडकीच्या फळीवरची धूळ, तिसरीत शेगडीच्या तळाची राख घेऊन दोघं प्रयोगशाळेत गेली. मॅडम काही उगाच "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. मिस्त्रींना तेवढंच एक वाक्य ऐकायचं होतं आणि ते मिळालं नाही.

"धुळीत काय आहे ते मी सांगेन," त्या म्हणाल्या. "छातीत काय आहे ते डॉक्टर सांगतील. आज जा. उद्या नाही."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, पाठीवर टिचक्या मारून बघितलं. मिस्त्री खुर्चीच्या टोकावर. फोटो स्वच्छ निघाला. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "काही नवीन औषध?" बायकोने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. रक्तदाबाची गोळी तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या दवाखान्यात बदलून दिली होती.

"या गोळीने काही जणांना असाच कोरडा खोकला लागतो," डॉक्टर म्हणाले. "बदलून देतो. तेच कारण असेल तर महिन्याभरात जाईल. नाही गेला, तर तुमच्या धुळीचा विचार करू."

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात. माझा गोळीवाचून जाईल." मिस्त्रींना हसू आलं नाही. ते "नाही गेला तर" या तीन शब्दांत अडकले होते.

बारा दिवसांनी मॅडमचा निकाल आला. घासल्यावर उडते ती पॉलिशची भुकटी, आणि बारीक कण त्या भुकटीतच पक्के चिकटून बसलेले. मोकळे जवळजवळ नाहीत. शर्टावर तेच, खिडकीत तेच. "पण साधी धूळही छातीला चांगली नाही काका, फुंकर बंद," त्यांनी दम दिला. राखेत मात्र कण मोकळे सापडले होते. पॉलिश जळून गेलं की त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. तक्त्यात आता दोन नव्या ओळी होत्या, फुंकर आणि शेगडी, आणि पॉलिश लावलेलं लाकूड जाळू नये असं डब्यावर छापावं, असं मॅडमनी कारखान्याला कळवलं होतं. शेगडी शेवटची कधी पेटवली, हे त्यांनी विचारलं. बायकोने बोटं मोजली. खोकला सुरू व्हायच्या दीड महिना आधी.

मिस्त्रींचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा भिंतीपलीकडे कान लावून बसला. काम करायचे आणि मोजायचे: आज अकरा वेळा, आज चौदा. चौदा म्हणजे वाढलाच की! त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग नऊ. मग पुन्हा दहा. डॉक्टरांवर चिडून झालं, गोळीवर चिडून झालं, ओरखडा न पडणाऱ्या पॉलिशवर तर रोजच.

गोळी बदलल्याच्या तेविसाव्या दिवशी दुपारी ते एका कपाटाचं दार रंधत होते. हात मध्येच थांबला. सकाळपासून भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नव्हतं. एकदाही नाही. आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, छान झालं! मिस्त्रींच्या मनात भलतंच आलं. रंधा तिथेच टाकून ते धावत आत गेले. बायको कुशीवर झोपली होती. त्यांनी वाकून बघितलं, श्वास चालू होता, तरी धीर निघेना. खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"अगं! ए अगं! ऊठ!"

ती दचकून उठून बसली. "काय झालं?"

"सकाळपासून खोकली का नाहीस?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. किती दिवसांनी सलग दोन तास गाढ झोप लागली होती, आणि ती मोडली याच माणसाने.

"हवं असेल तर खोकते," ती म्हणाली.

मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. आधी तिने थोपटलं, मग घाबरली, मग वैतागली.

"अहो, आता रडताय कशाला? चांगलं झालंय ना?"

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाले.