पट्ट्यांची चादर आणि मावशींची लाट

लॉन्ड्रीवाल्या मावशींनी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे सपाट केले आणि पन्नाशी उलटल्यावर एक दिवस त्या स्वतःच सपाट झाल्या, समुद्रात, सर्फिंगच्या फळीवर, पोटावर. त्यांच्या यजमानांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी चहा ठेवला. दुकान किनाऱ्यासमोरच होतं. इस्त्री फिरवता फिरवता मावशी खिडकीतून लाटांवर उभी राहणारी माणसं बघायच्या. एकदा त्यांच्या मनाने घेतलं की आपल्यालाही उभं राहायचंय, आणि मावशींच्या मनाने घेतलं की विषय संपला.

समोरचा समुद्र तसा गरीब स्वभावाचा. लाटा कमरेएवढ्या, खाली मऊ वाळू, पडलं तरी लागत नाही. खोड एकच. पाण्याखालचे वाळूचे उंचवटे एका जागी राहत नाहीत. लाट त्या उंचवट्यावर येऊन फुटते, त्यामुळे उंचवटा सरकला की लाटेचंही बिऱ्हाड हललं. काल जिथे मजा आली तिथे आज जाऊन बसावं तर नुसतं डुलत राहायचं.

यावर तोडगा काढला तो मावशींनीच. दुकानाच्या गच्चीवर लॉजच्या पांढऱ्या चादरी वाळत असायच्या आणि त्यांत एक लाल पट्ट्यांची. ती टाकून गेलेलं गिऱ्हाईक परत फिरकलंच नव्हतं. मावशी सकाळी गच्चीवरून लाट कुठे फुटतेय ते बघत आणि त्या हिशेबाने ही चादर दोरीवर अलीकडे-पलीकडे टांगत. पाण्यातल्यांनी ती चादर आणि मागच्या इमारतीवरची पाण्याची टाकी एका रेषेत आणायची आणि तिथे बसायचं. चादर हातभर सरकली तरी पाण्यातली जागा चांगलीच लांब जायची. सर्फिंग शिकवणारे मास्तर नव्या माणसाला समुद्राच्या आधी मावशींची गच्ची दाखवत.

एवढं करून बाकीच्यांना लाटा मिळाल्या आणि मावशी आडव्याच राहिल्या. मास्तरांच्या मते दोष पायांत नव्हता. लाट आली की मावशी शेजारी बघायच्या आणि कुणी दिसलं की "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" म्हणून थांबायच्या. गिऱ्हाईक आधी, ही काउंटरवरची जुनी सवय. मास्तरांनी कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग फळी सावरताना त्यांचं मनगट मुरगळलं. ते बरंही झालं, पण बातमी लांबच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीच्या कानावर गेली आणि ती सुट्टी टाकून हजर झाली. सकाळी फोन वाजला की मला वाटतं तुझंच काहीतरी झालं, हे तिने जेवताना तीन प्रकारे सांगितलं. मायलेकींचं चांगलंच वाजलं. शेवटी ठरलं ते असं: लेक दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने जाणार, त्याआधी आई तिच्या डोळ्यांदेखत फळीवर उभी राहिली तर लेक पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही राहिली, तर फळी मास्तरांच्या शेडमध्ये कायमची. मावशींनी लगेच मान्य केलं. खुर्चीत बसून उभं राहणं फार सोपं वाटतं.

सकाळी मावशींनी चादर टांगली, चहा घेतला आणि फळी काखोटीला मारून गेल्या. फळी गेली तर उरलेला जन्म खिडकीतूनच समुद्र बघायचा, हे त्यांना पुरतं कळत होतं.

त्या दिवशी पाण्यात सगळी मंडळी जमली. मास्तर होते, बेकरीवाला होता, दातांची डॉक्टरीण होती. सवयीने सगळ्यांनी चादर बघितली, टाकी बघितली, रेष जुळवली आणि बसले. मावशीही बसल्या. पाणी मात्र ढिम्म. लाट यायची, न फुटता फळीखालून गुळगुळीत निघून जायची. चादर टांगल्यावर वाळू सरकली असणार, असं मास्तर म्हणाले. किनाऱ्यावर लेक उभी होती आणि घड्याळ बघत होती.

मावशींनी कंटाळून पुन्हा गच्चीकडे पाहिलं, आणि त्यांना हसूच फुटलं. पांढऱ्या चादरी सगळ्या एका बाजूला ओळीने आणि पट्ट्यांची एकटी पार दुसऱ्या टोकाला. रंगीत कपडा पांढऱ्याला चिकटून घालू नये, रंग लागतो. हे त्यांनीच लेकीला लहानपणी शिकवलं होतं. गुणी पोरीने किनाऱ्यावर येण्याआधी दोरीवरचे कपडे नीट लावले होते, आणि त्यात खुणेची चादर हलली होती.

सगळ्यांना सांगायला मावशींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग हुडहुडी भरल्याचं सांगून त्या हळूच सटकल्या. थोडं अंतर गेल्यावर मात्र असे हात मारले, की धुण्याच्या ढिगाऱ्यासमोरही कधी मारले नसतील. खरी जागा रिकामी होती. डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही. लाट आली तेव्हा त्यांनी सवयीने शेजारी पाहिलं, आणि "तुम्ही घ्या" म्हणायला तिथे कुणीच नव्हतं.

म्हणून त्यांनीच घेतली. हात टेकले, गुडघा आला, मग पाय आले, आणि मावशी उभ्या! आभाळ ठेंगणं झालं. एवढा आनंद आपल्या वाट्याला इतकी वर्षं का आला नाही, असं त्यांच्या मनात आलं, तेवढ्यात लाट संपली आणि त्या धपकन बसल्या, गुडघाभर पाण्यात, खिदळत.

मंडळी जागा शोधत शोधत तिथे आली. मी उभी राहिले, असं मावशी धापा टाकत सांगू लागल्या. बेकरीवाल्याने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. मास्तर लहान मुलाची समजूत काढावी तसे गोड हसले. सगळ्यांची तोंडं त्या वेळी दुसरीकडे होती. बघणारी एकटी लेक, आणि नुसतं गप्प राहिली असती तरी ती जिंकली असती.

लेक चांगल्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"मी बघितलंय," ती मास्तरांना म्हणाली. "उभी होती. सरळ. त्या होड्या बांधायच्या खांबापासून पार इथपर्यंत."

खांब कुठल्या कुठे होता, मावशींची लाट त्याच्या आसपासही सुरू झाली नव्हती. मावशींनी लेकीने घातलेली प्रत्येक घडी आजवर मोडून पुन्हा घातली होती, तिचं एक वाक्य कधी दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यांनी एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"हो," मावशी म्हणाल्या, "तिथपासूनच."